आधी ऐकणारा पिराप्पा

आमच्या घरातला लॅपटॉप आपोआप चालू व्हायला लागला, तेव्हा पहिले आठ दिवस मी कुणाला सांगितलंच नाही. सांगून काय होणार? एक जण म्हणाला असता घरात काहीतरी आहे, दुसरा म्हणाला असता मास्तरचं वय झालं, बंद करायला विसरतो. दोन्ही ऐकायची माझी तयारी नव्हती. मी गुंडेराव, ठाणाकुशनूरच्या मराठी शाळेत चोवीस वर्षं शिकवतोय, स्वभाव तापट. हे शेवटचं मी लपवलं तरी गावात कुणीही सांगेल.

२०१२ सालचा श्रावण होता. सकाळी शाळेला जाताना मी लॅपटॉप रीतसर बंद करायचो, झाकण लावायचो आणि कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवायचो. बॅटरी अर्धमेली होती म्हणून चार्जर कायम लावलेला. दुपारी येऊन बघावं तर यंत्र तापलेलं, आतला पंखा घरघरतोय, झाकण उघडावं तर पडदा उजळलेला. घरात मी आणि बायको कमल, दोघंच. कमल त्या यंत्राला झाडूसुद्धा लावत नाही. एकदा त्याच्या धगीनं टेबलक्लॉथवर पिवळा डाग पडला तेव्हा ती म्हणाली, "ह्या घरात एक तर ते ऱ्हाईल न्हाई तर मी." तिच्या बोलण्यात तथ्य होतं. पण शिष्यवृत्तीचे अर्ज, मतदारयाद्या, पोषण आहाराचे तक्ते, सरकारनं माझ्या डोक्यावर ठेवलेलं सगळं त्या यंत्रात होतं. शाळेत शिकवायचं काम शेवटी वेळ उरला तर करायचं, असे ते दिवस होते.

मी माझ्या परीनं खटपट केली. भाच्यानं फोनवर सांगितलं की माउस हलला की मशीन जागं होतं. मी माउस काढून कपाटात ठेवला. मग म्हणाला, ते स्वतःला अपडेट करायला उठत असेल, ते बंद करा. तेही केलं. शेवटी बीदरला गेलो तेव्हा नौबादमधल्या एका दुकानात दाखवलं. तिथल्या माणसानं सगळं पुसून नव्यानं भरून दिलं, माझे अर्धे तक्ते गेले, आणि वर म्हणाला की आता झालं नाही तर बोर्ड बदलावा लागेल. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते पुन्हा आपल्या आपण चालू. मी मग ते उचललं आणि पिराप्पाकडे गेलो. खरं तर आधीच जायला हवं होतं. पण त्याच्याकडे गेलं की वेळ लागतो, आणि धीर ही वस्तू माझ्याकडे कधी नव्हती.

पिराप्पाचं दुकान बसथांब्याच्या पलीकडे. एक खोली, एक लोखंडी शटर, आत छतापर्यंत पंखे, टीव्हीचे सांगाडे, मोटारींची वेटोळी. गावात सगळे त्याला अण्णा म्हणतात. बासष्टीचा माणूस, उंच, किंचित वाकलेला, चष्मा कायम कपाळावर. घर धनगराचं. बाप आणि थोरला भाऊ राघोबा मेंढरं घेऊन मांजरा नदीच्या काठानं हिंडायचे. बहात्तरच्या दुष्काळात कळप संपला, तेव्हा हा एका लॉरीच्या मागे बसून हुमनाबादला गेला. हायवेवर ढाब्यांच्या रांगेत खाजामियाँ नावाच्या उस्तादाचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. तिथे तो झाडू मारायला लागला आणि कारागीर होऊन निघाला.

उस्तादानं त्याला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, "पैले सुन, बाद में खोल." जळकी मोटार आली की पाना हातात घ्यायचा नाही. आणणाऱ्याला बसवायचं, कधी बंद पडली, आवाज कसा आला, विहिरीला पाणी किती होतं, सगळं विचारायचं. दुसरी गोष्ट, दुरुस्त मोटारीचं झाकण लावताना एका चिठ्ठीवर काय दोष होता, काय केलं, तारीख, आणि आपल्या नावाचं अक्षर लिहून ती आत ठेवायची. पुढच्याला कळावं म्हणून. हा पुढचा कोण, कुठला, कधी उघडणार, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. ही चिठ्ठी पिराप्पानं कधी चुकवली नाही. आमच्या तालुक्यात कुठलीही जुनी मोटार उघडा, आतून 'पि.' निघतो.

एक्क्याण्णव साली तो गावात परतला आणि हे दुकान टाकलं. मग दिवस पालटले. गावातली पोरं पुण्याला, हैदराबादला जायला लागली आणि तिकडून वस्तू पाठवायला लागली. रंगीत टीव्ही आले, मिक्सर आले, इन्व्हर्टर आले, मोबाईल आले. पोरं परत यायची नाहीत, वस्तू मात्र बिघडून पिराप्पाकडे यायच्या. पंचायतीत पहिला कॉम्प्युटर आला आणि महिन्याभरात बंद पडला, तेव्हा बीदरचा इंजिनिअर येईना म्हणून लोकांनी पिराप्पाला बोलावलं. तो तीन दिवस नुसता त्याच्यासमोर बसून होता. चौथ्या दिवशी उघडला आणि चालू केला. त्याची शाळा मराठी चौथीपर्यंत. पुढचं सगळं बसून ऐकून.

त्याचा मुलगा मल्लेश डिप्लोमा करून पुण्याला गेला, चांगल्या कंपनीत लागला. नातू झाला तेव्हा पिराप्पाची बायको म्हाळसाबाई नातवाला सांभाळायला गेली ती तिकडचीच झाली. पिराप्पा एकटा. दोन वेळचा भात स्वतः शिजवायचा, कपडे स्वतः धुवायचा, आणि कुणी विचारलं तर म्हणायचा, "लई मजेत हाय." तो मजेत नव्हता. संध्याकाळी शटर ओढायला त्याला उगाच उशीर व्हायचा, ते मी रोज बघत होतो.

त्या वर्षी पाडव्याला मल्लेश आला आणि घरात दोन दिवस राहून त्याच्या ध्यानात आलं की बाप विसरतोय. चहा ठेवून विसरायचा. दुरुस्त झालेला मिक्सर पुन्हा उघडून बसायचा. मल्लेशनं माझ्यासमोरच विषय काढला. "अप्पा, तुमी विसरायलाव. चला पुण्याला. आता इथं काय ठिवलंय?"

पिराप्पाचा चेहरा उतरला. त्याचं कारण माहीत नसलेला गावात कुणी नाही. त्याचा भाऊ राघोबा दोनशे मेंढरं तोंडावरून ओळखायचा. शेवटच्या वर्षांत तो स्वतःच्या उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच्या घराचा रस्ता विचारायचा. पिराप्पानं त्याला तीन वर्षं हातानं भरवलं. ज्यानं हे जवळून बघितलंय त्याला 'तुम्ही विसरता' हे शब्द कसे लागत असतील, ते मी सांगायला नको.

तो मुलाला म्हणाला, "माजं डोस्कं ठीक हाय का न्हाई ते मशीन सांगंल. ज्या दिशी एक मशीन मला कळंना झालं, त्या दिशी मी शटर ओढतो आन् तुझ्यासंगं येतो. तवर ह्यो इषय काढू नगंस." मल्लेश बरं म्हणाला. दुसऱ्या दिवशी हा करार बसथांब्यावर सगळ्यांना पाठ होता.

आणि चार महिन्यांनी मी माझा लॅपटॉप घेऊन त्याच्या पुढ्यात उभा राहिलो.

"बसा," तो म्हणाला. "कधीपासून व्हायलंय? कुणाकडनं घेतलाव?"

मी सांगितलं. यंत्र मूळचं बालाजीचं. बालाजी म्हणजे आमच्या गावचे अडत व्यापारी श्रीपतराव यांचा मुलगा. बालाजी पुण्याला राहायला गेला, पण म्हातारे श्रीपतराव शेवटपर्यंत अडतीत बसून त्यावर उदगीर-लातूरचे भाव बघायचे. ते वारले, अडत बंद झाली, तेव्हा मी ते घेतलं. वर्षभर शाळेच्या कपाटात होतं, लागेल तेव्हाच काढायचो, तेव्हा कुरबूर नव्हती. घरी आणल्यापासून हा त्रास.

"बालाजीचं मशीन माझ्याकडं कधी आलं न्हाई," पिराप्पा म्हणाला. "त्यो सगळं पुण्यातच करून आनायचा." मग त्यानं चालू करायचं बटण कानाशी धरून दहा-वीस वेळा दाबलं, कुठं अडकतंय का बघितलं. नव्यासारखं वाजत होतं. म्हणाला, दोन दिवस ठेवा.

दोन दिवस यंत्र त्याच्या फळीवर शहाण्यासारखं गप्प बसलं. घरी आणलं आणि दोन तासांत चालू. पुन्हा नेलं, पुन्हा गप्प. तिसऱ्या खेपेला माझा तोल गेला. उन्हातून चालत गेलो होतो, शाळेत तपासणी होती, तक्ते नव्यानं भरून डोळे दुखत होते. चार माणसं उभी असताना मी म्हणालो, "जमत न्हाई तर तसं सांगा की अण्णा. आमचा जीव कामून घ्यायलाव?"

त्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे बघितलं. रागावला नाही. मला कराराची आठवण तेव्हा झाली, शब्द तोंडातून गेल्यावर. त्या चार माणसांनाही झाली असावी, कारण एकानं लगेच पावसाचा विषय काढला. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाही. आजही ते वाक्य आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

संध्याकाळी पिराप्पाच आमच्या घरी आला. दारातच म्हणाला, "मास्तर, रोग घरला व्हायलाय तर दुकानात बघून काय फायदा? घरलाच बघाव." मग कमलला म्हणाला, "अक्का, एक वही घ्या. पंधरा दिस. कवा चालू झालं, घड्याळ बघून लिवायचं. मास्तरला देऊ नगा, ते घरी नसत्यात."

कमलनं वही घेतली. मला वाटलं दोन दिवसांत कंटाळेल. पण तिला त्या यंत्राचा राग होता, आणि रागानं माणूस काम नीट करतं. मुलगी सासरी गेल्यापासून तिच्या हातात पेन नव्हतं. आता पदराला पेन अडकवून ती घरात फिरायची. 'सोमवार, अकरा दहा, चालू. मंगळवार, अकरा पाच, चालू. बुधवार, अकरा वीस, चालू, लई गरम.' दुसऱ्या आठवड्यात वेळा बदलल्या. 'सोमवार, तीन चाळीस, चालू. जाळा हे.' एक गुरुवार मात्र कोरा होता.

पंधराव्या दिवशी रविवार. पिराप्पा दुपारी आला, खाली सतरंजीवर बसला आणि वही वाचायला लागला. एक एक ओळ बोट ठेवून. मध्येच मला विचारलं, "पोरीला काय झालं मास्तर, पोरगं का पोरगी?" मी सांगितलं, मुलगी, आता दोन वर्षांची. त्यानं मान हलवली. पाणी पिऊन झाल्यावर पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. कमलनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं नाही.

"अक्का," तो वहीवर बोट ठेवून म्हणाला, "ह्या गुरवारी काय झालतं?"

कमलला आठवेना. मग आठवलं. "इस्तरी केली बघा त्या दिशी. ह्या प्लगचं काढून इस्तरी लावली, आन् परत लावायचं ऱ्हाऊन गेलं. सांजच्याला ह्यांनी कामाला बसताना लावले."

पिराप्पा उठला. प्लगाकडे गेला, मग वर पंख्याकडे बघितलं, मग दारामागच्या इन्व्हर्टरकडे. "हे इन्व्हर्टर मीच बसवलेलं. सात साली, संक्रांतीच्या आदल्या दिशी. तवा तुमी म्हनलाव, लाईट आन् फॅनपुरतं करा. ह्यो प्लग डायरेक्ट लाईटवर ठिवलेला." त्याला संक्रांत आठवत होती. वायरचा रंगसुद्धा त्यानं सांगितला. "मास्तर, तुमच्या घरात लाईट कवा जाती आन् कवा येती ते तुमाला कळतंच न्हाई. फॅन फिरतच ऱ्हातोय."

"मग?"

"चला दुकानाला. मशीन आन् चार्जर घ्या."

दुकानाच्या आतल्या भिंतीवर खडूनं लिहिलेले आकडे होते. मी ते वर्षानुवर्षं बघत आलो होतो, काय आहेत ते कधी विचारलं नव्हतं. रोज लाईट किती वाजता गेली, किती वाजता आली, याची ती नोंद. हुमनाबादची सवय. कमी दाबावर आलेल्या लाईटनं मोटारी जळतात, म्हणून उस्ताद लिहून ठेवायचा. आमच्याकडे आठवड्याला लाईट जायची पाळी बदलते, एक आठवडा सकाळची, एक दुपारची. पिराप्पानं कमलची वही भिंतीला लावून धरली. भिंतीवर सोमवार, आली अकरा दहा. वहीत सोमवार, अकरा दहा, चालू. मंगळवार तेच. पाळी बदलली तिथे वहीही बदललेली. पंधरा दिवस, एक तो इस्त्रीचा गुरुवार सोडला तर एकही चूक नाही.

"ऑटोवर हाय," पिराप्पा म्हणाला.

हे आमच्या भागातल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. शेतात लाईट कधी येईल नेम नसतो, म्हणून मोटारीच्या स्टार्टरला ऑटो बसवतात. लाईट आली की मोटार आपोआप सुरू, माणूस घरी झोपलेला असला तरी. लॅपटॉपलाही तसलंच काही असेल हे माझ्या भाच्याला सुचलं नाही, नौबादच्या माणसालाही सुचलं नाही. दुकानात यंत्र गप्प का बसायचं, तेही कळलं. पिराप्पा तिथे चार्जर लावतच नव्हता.

त्यानं यंत्र चालू करता करता एक बटण दाबून धरलं. विंडोज यायच्या आधी यंत्राचं स्वतःचं एक निळं पान असतं, ते उघडलं. सगळं पुसून नवं भरलं तरी ते पान तसंच राहतं. त्यात चार-पाच ओळी खाली एक खूण होती, वीज मिळताच चालू व्हावं अशी. त्यानं ती काढली. मग चार्जर लावून भिंतीवरचं बटण दहा वेळा बंद-चालू केलं. यंत्र ढिम्म हललं नाही.

पिराप्पा हसला. पाडव्यानंतर मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. मलाही इतकं हलकं वाटलं की मी बाहेरून दोन चहा मागवले. करार मोडला नव्हता. यंत्र त्याला कळलं होतं. आता मल्लेशला काय बोलायचं ते बोलू दे.

"कोन्या गाढवानं ऑटोवर टाकलंय बघा," तो चहा पिताना म्हणाला. "टाकलं तर टाकलं, काढून तरी द्यावं का न्हाई? पुढच्यानं काय समजायचं?" मी हो म्हणालो आणि त्या अज्ञात कारागिराला माझ्याकडच्याही दोन शिव्या घातल्या.

मग त्यानं नेहमीप्रमाणे चिठ्ठी लिहिली. 'ऑटो काढलं. पि.' मला तारीख विचारून खाली घातली. चिठ्ठी आत ठेवायला म्हणून यंत्र उलटं केलं, मागच्या झाकणाचे दोन स्क्रू काढले आणि झाकण उचललं. झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली होती.

"घ्या," तो म्हणाला, आणि झाकण माझ्या हातात दिलं. "माझा चष्मा धुरकट झालाय. वाचा की मास्तर, कोन हाय गाढव ते."

मी वाचलं. मनातल्या मनात. 'बटण खराब. श्रीपतरावांसाठी ऑटोवर टाकलं. नवं बटण बसवल्यावर ऑटो काढायचं. पि. १२-३-१०.'

अक्षर त्याचं. प चा पाय लांब ओढायची त्याची सवय मला वीस वर्षं माहीत आहे. म्हातारे श्रीपतराव, मोडकं बटण, लाईट आली की भाव बघायची घाई. त्यानं त्यांची सोय करून दिली होती आणि पुढच्याला नीट बजावूनही ठेवलं होतं. बटण नंतर बालाजीनं पुण्यात बसवून घेतलं असणार, आणि त्या माणसानं चिठ्ठी वाचली नसणार.

मी साहेबांच्या तोंडावर खरं बोलणारा माणूस. त्यापायी दोनदा बदली होता होता राहिली. पण मी म्हणालो, "पुसलंय अण्णा. लागत न्हाई."

त्यानं झाकण माझ्या हातातून घेतलं. चष्मा सदऱ्याला पुसला, डोळ्यांवर ठेवला, आणि दाराच्या उजेडात जाऊन वाचलं. किती वेळ वाचत होता ते मला सांगता येणार नाही. बाहेर औरादला जाणारी गाडी थांबली, माणसं उतरली, गाडी गेली.

"पुसलं न्हाई की मास्तर," तो म्हणाला. "शाई चांगली हाय."

त्यानं चिठ्ठीवरून अंगठा फिरवला.

"मी श्रीपतरावाच्या अडतीत गेलतो का?"

"गेला असाल."

"ते जिते असताना?"

"व्हय."

"मला काईच याद न्हाई." तो खुर्चीवर बसला. "त्येंच्या दुकानात कुठं बसलो, चहा पिलो का न्हाई, काई बी याद न्हाई. सात सालची वायर याद हाय. हे न्हाई."

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून मी म्हणालो की माणूस शेकडो कामं करतो, सगळी कुणाच्या लक्षात राहतात? शिवाय यंत्राचा रोग तुम्हीच शोधलात. चिठ्ठीचं मी कुणाला सांगणार नाही. करार तुमच्या बाजूनं सुटला.

"मशीनला जे सांगितलो ते त्येनं दोन वर्सं याद ठिवलं," तो म्हणाला. "त्येची काय चुकी न्हाई." मग त्यानं नवी चिठ्ठी जुनीच्या खाली चिकटवली, झाकण लावलं, दोन्ही स्क्रू आवळले. खिशातला मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. "मल्लेशला लावून द्या."

"अण्णा, आज राहू द्या."

"लावा. उद्याच्याला मी इसरलो तर?"

मी लावून दिला. तो मुलाला एवढंच म्हणाला, "मी म्हनलो व्हतो तसं मशीननं सांगितलं. ये."

मल्लेश दोन आठवड्यांनी आला. तोवर पिराप्पा रोज दुकान उघडून बसत होता, पण नवं काम घेत नव्हता. दुकानात पडलेल्या प्रत्येक वस्तूला तो चिठ्ठी लावत होता. हा पंखा कुणाचा, काय दोष, कुठवर काम झालंय, काय राहिलंय. आठवलं नाही तिथे स्पष्ट लिहिलं होतं, 'कुणाचा ते याद नाही.' अशा चिठ्ठ्या मी मोजल्या नाहीत, पण थोड्या नव्हत्या. मी शाळा सुटली की तिथे जाऊन बसायचो. तो लिहायचा, मी डिंकाची बाटली पुढे सरकवायचो.

निघायच्या दिवशी सकाळी बसथांब्यावर बरीच माणसं जमली होती. मल्लेश उदगीरच्या गाडीत बॅगा चढवत होता. पिराप्पा धुतलेला सदरा घालून, नवी चप्पल घालून उभा होता. दुकानाची किल्ली त्यानं माझ्याकडे दिली होती. त्यानं मला जरा बाजूला घेतलं आणि सदऱ्याच्या आतल्या खिशातून एक चिठ्ठी काढली. प्लास्टिकमध्ये घालून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेली, पाणी लागू नये अशी.

"मास्तर, बराबर लिवलंय का बघा. मोठ्या गावात हिंडायचंय. पुढच्याला कळाव."

मी वाचली.

'पिराप्पा. गाव ठाणाकुशनूर, जिल्हा बीदर. पोरगा मल्लेश,' आणि खाली त्याचा फोन नंबर. त्याखाली लिहिलं होतं, 'दोष: विसरतो. ऐकायला चांगलं येतं. घाई करू नये. आधी ऐकून घ्यावं.' शेवटी तारीख. आणि लांब पायाचा पि.

चोवीस वर्षं मी पोरांच्या वह्या तपासतोय, चूक दिसली की हात थांबत नाही. त्या चिठ्ठीत मला एकही चूक सापडली नाही. मी तसं त्याला सांगितलं. त्यानं ती पुन्हा आतल्या खिशात ठेवली, वरून हातानं दाबून बघितली, आणि गाडीत चढला.